वाचक विचारतात : जुन्या गाडीची डॅशबोर्डवरची बटणे

या वेळच्या पत्रांत बटणांचेच प्रश्न जास्त आहेत. नवल नाही. खानदेशचा मे महिना, उन्हात उभी गाडी आणि बटणात वीस-तीस वर्षांपूर्वी भरलेले ग्रीस. उन्हाने ते डिंकासारखे घट्ट होते, काळ्या मातीची आणि जिनिंगच्या कापसाची धूळ त्याला चिकटते आणि पहिल्या पावसाची ओल लागली की बटण बोलायला लागते. निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहोत.

प्र. आमच्याकडे वडिलांची साठच्या दशकातली अॅम्बेसेडर आहे. लाइट आणि वायपरची बटणे ओढून चालू करायच्या प्रकारची आहेत. दोन्ही काढून साफ करायची आहेत, पण काळे नॉबच निघत नाहीत. गावातला वायरमन म्हणतो, पक्कडीने ओढू. ओढू द्यावे का? – एक वाचक, अमळनेर

मुळीच नको. नॉब बॅकेलाइटचा, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचा आहे. तो वाकत नाही, थेट तडकतो आणि तडकतो तो मानेपाशी. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या ओढायच्या बटणात नॉब आटे देऊन बसवलेला नसतो. दांडीत स्प्रिंगवर बसलेली एक बारीक पिन असते आणि ती नॉबच्या मानेतल्या भोकात अडकते. बटण पूर्ण बाहेर ओढा, टॉर्च मारा आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा नॉबखाली धरा. मानेच्या खालच्या अंगाला भोक दिसेल. बहुतेक वेळा पॉलिशने आणि मळाने ते बुजलेले असते, म्हणून ते ‘नाही’च असे वाटते. आधी टाचणीने कोरून काढा. मग सायकलची तार घासून टोक बारीक करा, त्याने पिन आत दाबा आणि दाबलेली ठेवूनच नॉब सरळ पुढे ओढा. पिळू नका, कारण दांडीला सपाट बाजू असते. ती फिरू देत नाही आणि पिळल्याचा सगळा जोर मानेवर येतो.

पिन गंजून बसली असेल तर भोकात गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब टाका आणि रात्रभर सोडा. तरी नॉब हलत नसेल, तर मजबूत सुती दोऱ्याचा फास नॉबच्या मागे टाकून दोन्ही टोके सारख्या जोराने ओढा. काही गाड्यांत, विशेषतः मधल्या काळात बटण बदललेले असेल तर, पिनऐवजी बारीक खाचेचा स्क्रू असतो किंवा नॉब आट्यांवर असतो. भोकात पाहिले की कळते.

एक सावधगिरी. चोकचा नॉबही दिसायला असाच असतो, पण त्याच्या मागे वायर नाही, केबल आहे. त्याला या कामात हात लावायचे कारण नाही.

हे सगळे करण्याआधी बॅटरी सोडा. बॅटरीचे जे टोक गाडीच्या बॉडीला जोडलेले आहे, ते आधी सोडायचे. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या काळच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असते. लाल-काळा पाहून हात घालू नका, वायर कुठे जाते ते पाहा. उलट क्रमाने सोडले आणि पाना बॉडीला टेकला, तर पान्याचीच वेल्डिंग होते.

नॉब निघाल्यावर समोर चकचकीत रिंग दिसेल. तिला समोरासमोर दोन खाचा असतात. ती पेचकस आणि हातोडीने ठोकून फिरवतात आणि म्हणूनच बहुतेक जुन्या गाड्यांच्या रिंगा ओरबाडलेल्या दिसतात. त्यापेक्षा दांडीवरून सहज सरकेल असा लोखंडी पाइपचा तुकडा घ्या, त्याच्या टोकाला कानशीने दोन दात ठेवा. अर्ध्या तासाचे काम आहे आणि हे हत्यार दोन्ही बटणांना चालते. रिंगेभोवती डॅशबोर्डवर चिकटपट्टीचे दोन थर द्या. पाना घसरला तर रंग वाचतो.

रिंग काढली की बटण मागच्या बाजूने खाली येते. ते वायरीवर लोंबकळू देऊ नका. जुन्या वायरीचे रबर कडक झालेले असते, एका झटक्यात तडकून तांबे उघडे पडते. हाताने आधार द्या, मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टीवर आकडा लावा. आकडा टर्मिनलप्रमाणे लावा, रंगाप्रमाणे नाही. मूळ लुकास वायरिंगमध्ये तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट येणारी, पांढरी चावीतून येणारी, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून येणारी, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगची आणि काळी अर्थची. पण तीन वायरमनांचे हात फिरलेल्या गाडीत सगळ्याच वायरी लाल निघतात. बटणाच्या टर्मिनलशेजारी अक्षरे कोरलेली असतील तर तीही लिहून घ्या.

टर्मिनलचा स्क्रू हलत नसेल तर त्याच्या डोक्यावर गरम सोल्डरिंग आयर्न अर्धा मिनिट टेकवा, थंड होऊ द्या, मग बरोबर बसणाऱ्या पेचकसने फिरवा. पितळी स्क्रूची खाच एकदा गोल झाली की काम दुप्पट होते.

प्र. बटण काढले. आता आत काय करायचे? स्प्रे मारून पुन्हा बसवले तर चालेल का? – एक वाचक, रावेर

स्प्रेने चार महिने चालेल. गंज सोडवणारे तेल बटणात मारले की मळ मऊ होतो, बटण गुळगुळीत चालते आणि माणूस खूश होतो. मग ते तेल धूळ ओढते आणि संपर्कावर काळा थर देते. बटण उघडणे शक्यच नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा, मागे तेल न सोडणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि बटण वीस-पंचवीस वेळा चालू-बंद करा. पेट्रोल अजिबात नको. वाफ डॅशबोर्डमागे कोंडते आणि पहिल्या ठिणगीला पेटते.

पण बटण बाहेर आलेच आहे, तर उघडा. पत्र्याच्या टोपीचे चार कान बॅकेलाइटच्या तळावर दुमडलेले असतात. हे कान पितळेचे किंवा पातळ पत्र्याचे असतात आणि दोन-तीन वेळा वाकवल्यावर तुटतात. म्हणून पातळ पेचकसने फक्त सुटण्यापुरतेच उचला, सरळ उभे करू नका. रिव्हेट असेल तर ड्रिलने डोके उडवा आणि जोडताना तेवढ्याच जाडीचा नट-बोल्ट टाका.

उघडताना बटण पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत धरा. आत स्प्रिंगवर एक-दोन पोलादी गोळ्या दबून बसलेल्या असतात. बटणाचा ‘खट्ट’ आवाज त्यांचाच. टोपी सुटली की त्या उडतात आणि गेल्या की शोधून सापडत नाहीत. हरवली, तर दुसरी गोळी व्हर्नियरने मोजून घ्या. सायकलच्या पॅडलमध्ये ५/३२ इंची गोळी असते (३.९७ मिमी), पुढच्या चाकाच्या हबमध्ये ३/१६ इंची (४.७६ मिमी). अंदाजाने थोडी लहान टाकली तर खटका ढिला पडतो आणि खड्ड्यात बटण आपोआप बंद होते. रात्री हायवेवर हेडलाइट बंद होण्याचे हेही एक कारण.

सुटे भाग तीन ढिगांत करा : धातूचे, बॅकेलाइटचे, स्प्रिंग आणि गोळ्या. धातूच्या भागांवरचे जुने ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने काढा. मग संपर्क नीट पाहा, घाई करू नका. इथे तीन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

हिरवा-निळसर थर म्हणजे ओलीचा गंज. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व घाला, पितळी भाग त्यात दहा मिनिटे ठेवा आणि ब्रश फिरवा. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, नाहीतर आम्लाचा अंश आत राहून गंज परत येतो. शेवटी बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा. बोअरचे पाणी नको, त्यातले क्षार सुकल्यावर संपर्कावरच बसतात. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले भाग आणि क्रोमची रिंग या पाण्यात टाकायची नाही, आम्ल त्यांना खाते.

तपकिरी-काळा, सपाट थर म्हणजे नुसता ऑक्साइड. पितळेवर तो १५०० नंबरच्या पॉलिश पेपरने चार-पाच हलक्या हातांत जातो. पण संपर्काच्या टोकावर पांढरट चांदीचा ठिपका असेल तर पॉलिश पेपर लावू नका. चांदीचा थर पातळ असतो आणि चांदीवरचा काळेपणा वीज फारशी अडवतही नाही. जाड कोऱ्या कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवा, संपर्कात धरा आणि ओढून काढा, एवढे पुरे.

तिसरे, खड्डे आणि निळी-जांभळी छटा. इथे ठिणगी पडत होती आणि पितळ तापून मऊ झाले आहे. खड्ड्याच्या कडा सपाट करता येतात, पण पात्याची स्प्रिंग गेली असेल तर साफ करून उपयोग नाही. बोटाने दाबून सोडा. परत वर आले नाही तर पाते बदला. फॉस्फर ब्राँझची पट्टी तेवढ्याच जाडीची घ्या. पितळ वापरले तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

बॅकेलाइटचा तळ साबणाच्या पाण्याने धुवा, पण दोन संपर्कांमधली चमकदार काळी रेघ बारकाईने पाहा. ती मळाची असेल तर निघते. निघत नसेल तर बॅकेलाइट जळून कोळसा झाला आहे आणि त्या रेषेतून वीज चोरून वाहते. रेघ उथळ असेल तर ब्लेडने तळापर्यंत खरवडून वर इपॉक्सी भरा. खोल असेल तर तळ बदला.

जोडताना गोळ्यांना आणि सरकणाऱ्या भागांना सिलिकॉन ग्रीस, मसुराच्या डाळीएवढे. ग्राफाइटचे ग्रीस नको, ते वीज वाहते. संपर्कांवर व्हॅसलीनचा पुसता थर चालतो. कान पुन्हा दुमडताना टोपी लाकडी ठोकळ्यावर धरा.

मग मल्टिमीटर. बंद स्थितीत टर्मिनल आणि टोपी यांच्यात काहीच दाखवू नये. चालू स्थितीत ‘बीप’ ऐकून समाधान मानू नका. मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो, तेवढा घाणेरड्या संपर्कातूनही जातो. खरी परीक्षा गाडीत बसवल्यावर : हेडलाइट चालू, मीटर २० व्होल्ट डीसीवर, एक टोक बटणाच्या आतल्या टर्मिनलला, दुसरे बाहेरच्या. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर बटण पुन्हा उघडा.

प्र. पद्मिनीला नवे एच४ बल्ब टाकल्यापासून लाइटचे बटण हाताला गरम लागते आणि लाइट पिवळा पडतो. दोनदा नवे बटण घातले, दोन्ही गेली. – एक वाचक, शहादा

बटणाचा दोष कमी, भाराचा जास्त. ४५ वॉटचे जुने दोन बल्ब १२ व्होल्टवर ७.५ अँपिअर घेतात. ६०/५५ वॉटचे दोन एच४ हायबीमला १० अँपिअर घेतात. संपर्कात फक्त ०.१ ओहमचा अडथळा असला, तर १० अँपिअरला एक व्होल्ट तिथेच पडतो आणि १० वॉट उष्णता बटणात तयार होते. बटण हाताला गरम लागते ते यामुळे. बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळाले की उजेड साधारण ३० टक्के घटतो. पिवळेपणा त्याचाच. कोणी १००/९० वॉटचे बल्ब सुचवले तर घेऊ नका. दोन बल्ब जवळपास १७ अँपिअर ओढतात आणि २२ अँपिअरच्या आसपासच्या जुन्या डायनॅमोकडे इतर कशाला फारसे उरत नाही. शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळे.

उपाय म्हणजे रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा खटका. बटणातून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, अर्ध्या अँपिअरहूनही कमी. दोन चार-पिनी रिले घ्या, ३० अँपिअरचे, एक हायबीमला, एक लोबीमला. पिन ३० ला बॅटरीवरून २.५ चौ. मिमी वायर आणा, मध्ये प्रत्येकी १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. त्याआधीची वायर घासून शॉर्ट झाली तर तिला कोणीच वाचवत नाही. पिन ८७ वरून बल्बला तेवढ्याच जाडीची वायर. ८६ ला डिपरवरून येणारी जुनी वायर, ८५ बॉडीला. हेडलाइटच्या अर्थच्या वायरीही नव्या करा. नवी वायर टाकून जुनी गंजलेली अर्थ तशीच ठेवली तर फरक अर्धाच पडतो. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आत डायोड नसलेला रिले घ्या, डायोडवाला तिथे शॉर्ट होतो. मूळ वायरिंग कापू नका, बल्बमागच्या सॉकेटवरूनच रिलेचा इशारा घ्या, म्हणजे गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते.

बाजारातल्या नव्या बटणांबद्दल एकच कसोटी. चुंबक घेऊन जा आणि टर्मिनलला लावा. चिकटला तर आतले पाते मुलामा दिलेल्या लोखंडाचे आहे, पितळेचे नाही, आणि ते पहिल्या पावसाळ्यातच गंजते. स्प्रिंग आणि गोळी पोलादाची असते, तिथे चिकटला तर हरकत नाही. आमचे मत विचाराल तर वर सांगितल्याप्रमाणे नीट केलेले जुने बटण अशा नक्कल मालापेक्षा जास्त टिकते.

प्र. जीपच्या लाइटच्या बटणाचा बॅकेलाइटचा नॉब मानेपाशी तुटला आहे. बाकीच्या नॉबवरची पांढरी अक्षरेही पुसट झाली. नवा मिळत नाही. – एक वाचक, भुसावळ

नॉबचे तुकडे जपून ठेवले असतील तर इपॉक्सीने जोडता येतो, पण नुसता चिकटवलेला सांधा ओढ सहन करणार नाही. साधे अॅराल्डाइट (आकारमानाने एकास एक, वजनाने १००:८०) उन्हात उभ्या गाडीच्या तापमानाला नरम पडते. म्हणून लेथवाल्याकडून मानेच्या आत बसेल असे पातळ पितळी बुश करून घ्या. पिनचे भोक बुशातच पाडा, म्हणजे ओढ पितळेवर येते आणि इपॉक्सी फक्त आकार धरून ठेवते. जोडण्याआधी तुटलेल्या कडा अल्कोहोलने पुसा आणि चोवीस तास हलवू नका.

एखादा पूर्ण नॉब शाबूत असेल तर त्यावरून साचा करता येतो. ओतीव कामाचे सिलिकॉन रबर घ्या, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात हार्डनर मिसळा, नॉबवर मेणाचा हलका हात फिरवा आणि दोन भागांत ओता. सुकल्यावर काळे रंगद्रव्य मिसळलेले ओतीव इपॉक्सी भरा, बुश आधीच जागेवर ठेवून. मिसळताना हळू ढवळा. बुडबुडे गेले नाहीत तर नॉबचा चेहराच खड्ड्यांचा होतो. ओतायला पहाटेची वेळ घ्या. मेच्या दुपारी इपॉक्सी भांड्यातच तापून घट्ट होते.

करडा पडलेला नॉब चकचकीत करायचा तर २००० नंबरचा पेपर पाण्याखाली अगदी थोडा, मग ब्रासो, मग मेण. जास्त घासू नका. वरचा थर राळेचा असतो, त्याखाली लाकडाचा भुसा दिसतो आणि तो कधीच चमकत नाही.

अक्षरे कोरीव आहेत की छापील, ते नखाने पाहा. छापील असतील तर फक्त ओल्या कापडाने पुसा, थिनर लागताच ती जातील. कोरीव असतील तर जुना रंग दातकोरणीने काढा, पांढरा इनॅमल भरा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा. मग जुन्या व्हिजिटिंग कार्डवर टर्पेंटाइनचा वास लागेल इतपत ओलसर कापड ताणून गुंडाळा आणि वरून एकदाच ओढा. कापड सैल असेल तर ते खाचेत उतरते आणि भरलेला रंग सोबत घेऊन येते.

प्र. गाडी दोन वर्षे खळ्यात उभी होती. आता वायपरचा खटका चालतो, पण वायपर कधी हलतो, कधी नाही. – एक वाचक, चोपडा

बटण काढण्याआधी त्याच्या दोन्ही टर्मिनलना वायरीच्या तुकड्याने क्षणभर जोडून पाहा. वायपर हलला तर बटण दोषी. तरीही नाही हलला तर मोटर, अर्थ किंवा वायर पाहा. खळ्यात उभ्या गाडीत डॅशबोर्डमागे उंदरांनी कापूस आणि कडब्याचे घर केलेले असते आणि वायरीचे रबर कुरतडलेले असते. ते घर आधी हातमोजे घालून बाहेर काढा, मगच बॅटरी जोडा.